डेस्कटॉप संगणकातील डीव्हीडी ड्राइव्ह: निदान, खरेदी आणि बदल

ऑप्टिकल ड्राइव्ह म्हणजे लेसर किरणाच्या साहाय्याने सीडी, डीव्हीडी किंवा ब्लू-रे तबकडीवरील माहिती वाचणारे आणि बहुधा तिच्यावर माहिती लिहिणारेही उपकरण होय. नव्या डेस्कटॉप संगणकांत ते आता क्वचितच बसवून मिळते, आणि जुन्या संगणकातले बंद पडले तर ते तसेच राहू देण्याकडे सर्वसाधारण कल असतो. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत मात्र या दुर्लक्षाची किंमत अनेकांना मोजावी लागते, कारण येथील घरांत, दवाखान्यांत, छायाचित्रकारांच्या स्टुडिओत आणि वकिलांच्या कार्यालयांत गेल्या दोन दशकांतील बराच मजकूर केवळ तबकड्यांवर पडून आहे.

२००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे उदगीर, अहमदपूर, निलंगा, देगलूर, मुखेड, किनवट अशा तालुक्यांच्या गावांपर्यंत संगणक केंद्रे पोहोचली, आणि साधारण त्याच काळात लग्नाचे चित्रीकरण व्हिडिओ कॅसेटवरून सीडीवर व पुढे डीव्हीडीवर आले. सीटी स्कॅन किंवा एमआरआय केल्यावर रुग्णाला फिल्मसोबत सीडी देण्याची पद्धत अजूनही अनेक ठिकाणी चालू आहे, आणि पुढील उपचारांसाठी हैदराबाद, सोलापूर, पुणे किंवा मुंबईला जाणाऱ्याला ती जपून न्यावी लागते. न्यायालयीन कामातील तबकडीचे स्थान मराठवाड्यातल्याच एका खटल्याने देशभर चर्चेत आणले: जालना मतदारसंघातील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरण सीडीच्या रूपाने पुढे आले होते, आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, मूळ उपकरण न्यायालयात आणलेले नसेल तर अशा प्रतीसोबत तेव्हाच्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र आवश्यक असते.

या पार्श्वभूमीवर ड्राइव्ह हे साधन आणि तबकड्यांतील मजकूर हे साध्य, हा क्रम ध्यानात ठेवणे हितावह ठरते. कोणता ड्राइव्ह घ्यावा, त्यावर किती खर्च करावा आणि तो बसवल्यावर सर्वांत आधी काय करावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच क्रमावरून निघतात.

ड्राइव्हची रचना आणि बिघाडाची कारणे

ड्राइव्हमध्ये तीन मुख्य भाग असतात: तबकडी आत-बाहेर नेणारा ट्रे, तबकडी फिरवणारी मोटर आणि रुळांवरून मागे-पुढे सरकणारे लेसरचे डोके, ज्यावर बारीकसे भिंग बसवलेले असते. सीडी वाचण्यासाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा, किरण लागतो, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल आणि ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा जांभळा. तरंगलांबी जितकी कमी तितकी तबकडीवरील खुणा बारीक करता येतात, आणि म्हणूनच सारख्याच आकाराच्या तबकडीवर सीडीत ७०० एमबी, एकपदरी डीव्हीडीत ४.७ जीबी आणि एकपदरी ब्लू-रेमध्ये २५ जीबी माहिती मावते. डीव्हीडी रायटरमध्ये सीडी आणि डीव्हीडीसाठी वेगवेगळे लेसर डायोड असल्यामुळे त्यांपैकी एकच निकामी होऊ शकतो. सीडी नीट चालते आणि डीव्हीडी मात्र मुळीच उघडत नाही, किंवा याच्या उलट घडते, तेव्हा दोष बहुधा तेथे असतो आणि तो साफसफाईने जात नाही.

भिंगावर धूळ बसणे हे दुसरे मोठे कारण होय. लातूरच्या अडत बाजारातील दुकाने आणि डाळ मिलची कार्यालये येथे कडधान्याची बारीक पूड हवेत सतत असते, आणि संगणकाचा पंखा बाहेरची हवा आत ओढत असल्याने ती ट्रेच्या फटीतूनही आत शिरते. अशा वेळी तबकडी बराच वेळ गरगरत राहते, मध्येच थांबते, पुन्हा वेग घेते आणि अखेरीस संगणक ‘डिस्क घाला’ असा संदेश दाखवतो. बारीक ब्रश लावलेल्या लेन्स क्लीनर सीडीने यात कधीकधी फरक पडतो आणि तो उपाय स्वस्त असल्यामुळे आधी करून पाहावा.

तिसरा बिघाड ट्रेचा असतो, आणि तो मराठवाड्यातील उन्हाळ्याशी जोडलेला आहे. ट्रे हलवणारी छोटी मोटर आपली गती एका रबरी पट्ट्यातून दाते असलेल्या चाकाला देते. हा पट्टा अंगठीहून थोडा मोठा असतो आणि ४० अंशांच्या वर जाणाऱ्या एप्रिल-मेमध्ये, पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत, वर्षानुवर्षे तापून तो कडक आणि सैल होतो. बटण दाबल्यावर मोटरची घरघर ऐकू येते, ट्रे जेमतेम हलतो आणि पुन्हा जागेवर जातो, किंवा चार-पाचदा दाबल्यावर एकदाचा उघडतो. ही लक्षणे दिसली तर लेसर ठणठणीत असून दोष केवळ पट्ट्यात असण्याची शक्यता मोठी असते. तथापि झाकण उघडलेल्या ड्राइव्हला वीज कधीही जोडू नये, कारण लिहिणाऱ्या लेसरची शक्ती डोळ्यांना कायमची इजा करण्याइतकी असते आणि अवरक्त किरण तर दिसतही नाही.

बदलण्यापूर्वीचे निदान

तबकडी वाचली जात नाही एवढ्यावरून ड्राइव्ह खराब ठरवणे घाईचे होते. पहिली शंका तबकडीवर घ्यावी. घरी लिहिलेल्या सीडी-डीव्हीडीत माहिती एका सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात साठवलेली असते आणि उष्णता व उजेड यांनी तो थर हळूहळू बिघडतो. कारखान्यात छापलेल्या तबकडीत, उदाहरणार्थ मदरबोर्डसोबत आलेल्या ड्रायव्हर सीडीत किंवा चित्रपटाच्या मूळ डीव्हीडीत, असा थर नसतो. म्हणून चाचणीसाठी कारखान्यात छापलेली एक सीडी आणि एक डीव्हीडी वापरावी. त्या दोन्ही चालत असतील आणि फक्त लग्नाची तबकडी अडत असेल, तर नवा ड्राइव्ह आणण्याआधी तीच तबकडी दुसऱ्या एखाद्या संगणकावर लावून पाहणे श्रेयस्कर.

दुसरी परीक्षा विजेची आणि केबलची. ट्रे उघडण्यासाठी ड्राइव्हला केवळ वीज पुरते, माहिती वाहून नेणारी डेटा केबल जोडलेली नसली तरी चालते. त्यामुळे ट्रे उघडतो आणि संगणकात ड्राइव्हचे चिन्ह दिसत नाही अशा स्थितीत दोष डेटा केबल, मदरबोर्डवरील जोडणी किंवा सॉफ्टवेअर यांपैकी कोठेतरी असतो, तर दिवाही लागत नाही आणि ट्रेही हलत नाही अशा स्थितीत आधी एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीतून येणारी तार, तपासावी. सैल झालेली केबल काढून पुन्हा घट्ट बसवल्याने किंवा ती मदरबोर्डवरील दुसऱ्या जोडणीत लावल्याने अनेकदा प्रश्न तेथेच मिटतो.

तिसरी परीक्षा सॉफ्टवेअरची. संगणक सुरू होताना डिलीट, एफ-२ किंवा त्या कंपनीने ठरवलेली कळ दाबून बायोस, म्हणजे विंडोज सुरू होण्यापूर्वीची मूळ प्रणाली, उघडली असता तेथे ड्राइव्हचे नाव दिसत असेल आणि विंडोजमध्ये मात्र दिसत नसेल, तर यंत्र शाबूत आहे असे समजावे. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या नावापुढे पिवळे चिन्ह दिसत असल्यास तेथून ड्राइव्ह अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करावा. त्यानेही भागले नाही, तर सीडी लिहिण्याच्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, मागे ठेवलेल्या ‘अप्परफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदी त्याला कारण असू शकतात. त्या काढण्याचे काम रजिस्ट्रीची प्रत घेऊन, जाणत्या तंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावे.

योग्य ड्राइव्हची निवड

निदानाअंती ड्राइव्हच बदलायचा ठरला, तर दुकानात जाण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात: जोडणीचा प्रकार आणि जागेचे माप. जोडणीचे दोन प्रकार आढळतात. जुन्या संगणकांत आयडीई जोडणी असते. तिची केबल बोटभर लांब तोंडाची, ४० पिनांची आणि पट्ट्यासारखी रुंद असते, तर विजेसाठी चार जाड पिनांचा मोलेक्स कनेक्टर लागतो. त्यानंतरच्या संगणकांत साटा जोडणी असते. तिची डेटा केबल अरुंद व सात संपर्कांची आणि विजेचा कनेक्टर चपटा व १५ संपर्कांचा असतो. इंटेलने २००६ पासूनच्या आपल्या चिपसेटमधून आयडीईची सोय काढून टाकली, तरी मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांनी वेगळी चिप लावून ती पुढे काही वर्षे दिली. त्यामुळे त्या सुमाराच्या संगणकात दोन्ही जोडण्या सापडू शकतात, आणि जुना ड्राइव्ह आयडीई असला तरी त्याच्या जागी नवा साटा ड्राइव्ह बसवता येतो. एसएमपीएसमध्ये साटाची वीजतार नसेल तर मोलेक्सवरून साटाला जाणारे रूपांतरक मिळते. मात्र तारा प्लॅस्टिकच्या ओतीव तोंडात बंद केलेले स्वस्त रूपांतरक आत शॉर्ट होऊन जळण्याची शक्यता असल्याने, प्रत्येक तार स्वतंत्रपणे दाबून बसवलेली दिसते असेच घ्यावे.

मापाच्या बाबतीत, उभ्या टॉवर कॅबिनेटमध्ये सव्वापाच इंची ड्राइव्ह बसतो, ज्याची रुंदी सुमारे १४६ मिलिमीटर आणि उंची सुमारे ४१ मिलिमीटर असते. बँका आणि सरकारी कार्यालयांतून बाहेर पडून रिफर्बिश्ड म्हणून विकल्या जाणाऱ्या डेल, एचपी आणि लेनोव्होच्या आडव्या छोट्या कॅबिनेटमध्ये मात्र लॅपटॉपच्या धर्तीचा स्लिम ड्राइव्ह असतो, तो १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर जाडीचा असतो आणि जाड ड्राइव्ह पातळ जागेत शिरतच नाही. त्याचा विजेचा कनेक्टरही सहा संपर्कांचा, म्हणजे नेहमीच्या साटाहून वेगळा, असतो, आणि समोरची प्लॅस्टिकची पट्टी त्या कॅबिनेटपुरतीच बनवलेली असल्यामुळे जुन्या ड्राइव्हची पट्टी काढून नव्याला लावावी लागते. अशा वेळी जुना ड्राइव्ह सोबत घेऊन दुकानात जाणे हाच सर्वांत बिनचूक मार्ग होय.

ज्यांना वर्षातून काही मोजक्याच तबकड्या पाहायच्या असतात, त्यांच्यासाठी यूएसबीवर चालणारा बाह्य ड्राइव्ह पुरेसा असतो आणि तो एका संगणकावरून दुसऱ्यावर नेता येतो. तो बहुधा यूएसबीच्याच विजेवर चालत असल्याने जुन्या कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावावा. पुढच्या पोर्टला लांब तारेतून येणारी वीज कधीकधी अपुरी पडते आणि तबकडी वेग घेताच ड्राइव्ह बंद होतो. स्टुडिओ, संगणक केंद्र किंवा वकिलाचे कार्यालय यांसारख्या ठिकाणी, जेथे रोज तबकड्या हाताळाव्या लागतात, तेथे आतला सव्वापाच इंची ड्राइव्ह अधिक टिकाऊ ठरतो. ब्लू-रे तबकडी डीव्हीडी रायटरवर चालत नाही, एवढेही लक्षात असू द्यावे.

वेगाचे आकडे पाहून भुलण्याचे कारण नाही. सीडीच्या संदर्भात १ एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी आणि डीव्हीडीच्या संदर्भात सुमारे १.३८ एमबी, बाजारातील जवळजवळ सर्व रायटर या बाबतीत सारखेच असतात. त्यापेक्षा जीएसटीचे पक्के बिल आणि कंपनीची वॉरंटी महत्त्वाची, कारण जुन्या ड्राइव्हवर नवे वेष्टन चढवून विकलेला माल ओळखणे ग्राहकाला अवघड जाते. आयडीई ड्राइव्हचे उत्पादन थांबलेले असल्याने तो सेकंड हँडच मिळेल हे गृहीत धरावे, आणि दुकानातच सीडी व डीव्हीडी दोन्ही लावून पाहून मग पैसे द्यावेत. नांदेडच्या वजिराबाद किंवा लातूरच्या गंजगोलाई परिसरात विचारूनही हवा तो प्रकार मिळाला नाही, तर सिकंदराबादचे चेनॉय ट्रेड सेंटर आणि पुण्याची तपकीर गल्ली हे जवळचे पर्याय उरतात.

पूर्वतयारी

या कामाला फिलिप्स, म्हणजे फुलीच्या तोंडाचा, मध्यम स्क्रू ड्रायव्हर, स्क्रू ठेवायला एखादी वाटी आणि मऊ ब्रश एवढेच साहित्य लागते. जुन्या ड्राइव्हमध्ये तबकडी अडकलेली असल्यास ती आधी काढावी: संगणक बंद करून ट्रेच्या पुढील बाजूस असलेल्या टाचणीएवढ्या भोकात सरळ केलेली पेपर क्लिप आडवी, हळुवार दाबावी, आतील चाक सरकून ट्रे बोटभर बाहेर येतो आणि मग तो हाताने ओढता येतो.

त्यानंतर विंडोज रीतसर बंद करून भिंतीवरील बटण बंद करावे, वायर काढावी आणि कॅबिनेटचे चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डमध्ये शिल्लक राहिलेली वीज निघून जाते. ज्या ठिकाणी यूपीएस किंवा इन्व्हर्टर आहे तेथे केवळ मुख्य बटण बंद केल्याने पुरवठा थांबत नाही, म्हणून वायर प्रत्यक्ष काढणे आवश्यकच असते. मराठवाड्यातील उन्हाळी हवा कोरडी असल्याने कपड्यांच्या घर्षणातून अंगावर स्थिर वीज साचते आणि तिचा एक न जाणवणारा ठिणगीएवढा धक्काही चिपला पुरतो. यासाठी टेरिकॉटऐवजी सुती कपडे घालणे आणि कोणत्याही भागाला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या न रंगवलेल्या पत्र्याला स्पर्श करणे ही साधी खबरदारी घ्यावी.

जुना काढणे आणि नवा बसवणे

कॅबिनेटच्या समोर उभे राहिले असता डाव्या हाताला येणारे पान मागील दोन स्क्रू काढून सरकवले की आतील रचना दिसते. काहीही हलवण्यापूर्वी सर्व केबलींचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. आत साचलेली धूळ ब्रशने किंवा ब्लोअरने उडवावी, मात्र ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण हवेच्या झोताने भलत्या वेगाने फिरलेला पंखा बिघडतो.

ड्राइव्हच्या मागील वीजतार आणि डेटा केबल तोंडाला धरून काढावी, तारेला धरून ओढू नये. साटा केबलला पत्र्याची छोटी कळ असल्यास ती दाबून मगच केबल बाहेर घ्यावी. त्यानंतर ड्राइव्हच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू काढावेत. काही कॅबिनेटमध्ये दुसऱ्या बाजूच्या स्क्रूंसाठी उजवीकडचे पानही उघडावे लागते, तर काहींत स्क्रूंऐवजी प्लॅस्टिकची खटका असलेली पट्टी असते. बहुतेक टॉवर कॅबिनेटमध्ये ड्राइव्ह पुढच्या बाजूने बाहेर येतो, आणि तो समोरच्या प्लॅस्टिक पॅनेलला अडत असेल तर ते पॅनेल खालच्या खाचेत बोटे घालून आपल्याकडे ओढावे लागते. मात्र चालू करण्याच्या बटणाच्या आणि यूएसबीच्या तारा त्याच पॅनेलला जोडलेल्या असू शकतात, त्यामुळे झटका देऊन ओढणे टाळावे.

नवा ड्राइव्ह त्याच मार्गाने आत सरकवून त्याचे तोंड पॅनेलच्या पातळीत आणावे आणि चारही स्क्रू आधी अर्धे फिरवून, ड्राइव्ह सरळ झाल्यावर, मग पूर्ण आवळावेत. येथे एक बारीक पण महत्त्वाचा फरक ध्यानात घ्यावा लागतो: ऑप्टिकल ड्राइव्हला बारीक आट्यांचा एम-३ स्क्रू लागतो, तर साडेतीन इंची हार्ड डिस्कला जाड आट्यांचा, आणि दोघांची डोकी सारखीच दिसतात. हार्ड डिस्कचा स्क्रू जोर लावून ड्राइव्हमध्ये घातला तर आटे कायमचे झिजतात, आणि गरजेपेक्षा लांब स्क्रू आतील ट्रेला टेकतो. जुन्या ड्राइव्हचेच स्क्रू पुन्हा वापरल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

साटा कनेक्टर एल आकाराच्या खाचेमुळे एकाच बाजूने बसतात, त्यामुळे चूक होण्यास वाव राहत नाही. कोणत्याही मोकळ्या साटा पोर्टमध्ये डेटा केबल लावता येते. काही नव्या मदरबोर्डवर एम-२ प्रकारची एसएसडी बसवली की ठरावीक साटा पोर्ट बंद होतात, म्हणून ड्राइव्ह न दिसल्यास पोर्ट बदलून पाहावा. आयडीई ड्राइव्हच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पट्टा केबलची रंगीत कड ड्राइव्हच्या वीजकनेक्टरच्या बाजूला यायला हवी, आणि ड्राइव्हमागील जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी प्लॅस्टिकची टोपी, योग्य जागी असायला हवी. एकाच केबलवर दोन उपकरणे असताना एकाला मास्टर आणि दुसऱ्याला स्लेव्ह ठरवावे लागते. दोन्ही मास्टर राहिली तर बायोसला कदाचित एकही दिसत नाही. जुन्या ड्राइव्हवरील जंपरची जागा पाहून नव्यावर तशीच ठेवणे पुरेसे होते.

चाचणी

पान लावण्यापूर्वीच संगणक सुरू करून बायोसमध्ये ड्राइव्हचे नाव आले की नाही ते पाहावे, आणि त्यानंतर विंडोजमध्ये छापील सीडी व डीव्हीडी या दोन्ही चालवून पाहाव्यात. ड्राइव्हसाठी वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. सीडी सर्वाधिक वेगाने वाचताना तबकडी मिनिटाला सुमारे १०,००० फेऱ्यांपर्यंत फिरते, म्हणून मधल्या भोकापाशी बारीकही तडा गेलेली तबकडी ड्राइव्हमध्ये घालू नये. ती आत फुटून नवा ड्राइव्ह निकामी होतो.

विंडोज ८ पासून डीव्हीडीवरील चित्रपट चालवण्याची अंगभूत सोय मायक्रोसॉफ्टने बहुतांश आवृत्त्यांतून काढली असल्याने, ‘डीव्हीडी लागत नाही’ ही तक्रार पुष्कळदा ड्राइव्हची नसतेच. व्हीएलसी हा मोफत प्लेअर टाकला की ती मिटते. चित्रपटांच्या डीव्हीडीला विभाग क्रमांक असतो. भारताचा क्रमांक ५ असून अमेरिकेतून आणलेली तबकडी विभाग १ ची असते, आणि ड्राइव्हमधील हा क्रमांक केवळ पाच वेळा बदलता येतो. स्टुडिओत बनवलेल्या लग्नाच्या डीव्हीडीला असे बंधन सहसा नसते.

तबकड्यांतील मजकुराची सोय

नवा ड्राइव्ह चालू झाल्यावरचे पहिले काम तबकड्यांतील माहिती हार्ड डिस्कवर घेणे हे असावे, कारण पुढच्या वेळी ड्राइव्ह बिघडेल तेव्हा त्याला पर्याय मिळणे आणखी कठीण झालेले असेल. भारतातील अनेक घरांत जिच्या कोऱ्या सीडी आणि स्वस्त चित्रपट-तबकड्या पोहोचल्या ती मोझर बेअर कंपनी २०१८ साली अवसायनात गेली, आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले.

प्रती घेताना घाई लग्नाच्या व्हीसीडींची करावी. व्हीसीडी म्हणजे सीडीवरच साधारण सव्वा तासाचे चित्रीकरण मावेल अशा रीतीने लिहिलेली तबकडी. एकेका लग्नाच्या दोन-तीन तबकड्या असण्याचे कारण हेच. जास्त चित्रीकरण मावावे म्हणून तिच्यात चूक सुधारण्यासाठीची अतिरिक्त माहिती डेटा सीडीपेक्षा कमी ठेवलेली असते, आणि त्यामुळे त्याच ओरखड्याने डेटा सीडी वाचते पण व्हीसीडी अडते. तिच्यातील ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमधील डॅट फाइली कॉपी करून व्हीएलसीने चालवता येतात; डीव्हीडीतून ‘व्हिडिओ-टीएस’ हे संपूर्ण फोल्डर घ्यावे. तबकडी आधी मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे पुसावी, गोलाकार नव्हे, कारण गोलाकार ओरखडा माहितीच्या मार्गावरच लांबवर पडतो आणि तो दुरुस्त होण्यापलीकडे जातो.

सीटी किंवा एमआरआयच्या सीडीतील चित्रे डायकॉम नावाच्या वैद्यकीय पद्धतीत असतात आणि ‘डायकॉमडीर’ ही सूची फाइल त्यांना एकत्र बांधते. म्हणून सुटी चित्रे न निवडता पूर्ण सीडी जशीच्या तशी एका फोल्डरमध्ये घ्यावी आणि फोल्डरला रुग्णाचे नाव व तपासणीची तारीख द्यावी. न्यायालयीन तबकडीबाबत वेगळी शिस्त लागते. १ जुलै २०२४ पासून पुरावा अधिनियमाच्या जागी लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे मजकुरातील एक अक्षर बदलले तरी बदलणारी गणिती खूण, नमूद करावी लागते. त्यामुळे मूळ तबकडी मोहोरबंद ठेवून काम प्रतीवर करावे आणि प्रत वकिलाच्या सल्ल्यानेच काढावी.

घेतलेल्या प्रती एकाच हार्ड डिस्कवर ठेवल्या तर तबकडीचा धोका केवळ डिस्ककडे सरकतो, म्हणून दुसरी प्रत वेगळ्या बाह्य डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या घरी, ठेवावी. मूळ तबकड्या फेकू नयेत. उभ्या, वेष्टनात, खिडकीच्या उन्हापासून आणि पत्र्याच्या छताच्या उष्णतेपासून दूर असलेल्या कपाटात ठेवाव्यात. काढलेला जुना ड्राइव्ह भंगारवाल्याला देऊ नये, कारण अनेक ठिकाणी तांबे काढण्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जातात. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जायला हवा, आणि विकत घेतलेल्या दुकानात तशी सोय आहे का हे नवा ड्राइव्ह घेतानाच विचारून घ्यावे. केवळ पट्टा सैल झाल्यामुळे बदललेला ड्राइव्ह मात्र पट्टा घालून जपून ठेवण्याजोगा असतो, विशेषतः तो आयडीई असेल तर, कारण घरातील जुन्या संगणकाला पुन्हा त्याचीच गरज लागू शकते.